२२ अक्षरांची नोंद

यू जी ए जी जी यू ए जी यू ए जी जी यू यू जी यू ए यू ए जी यू यू. मोजून २२ अक्षरं, प्रत्येक अक्षर म्हणजे आरएनएचा (पेशीत जनुकावरून उतरणाऱ्या नकलेचा) एक घटक. या आरएनए रेणूचं नाव लेट-७. एक मिलिमीटरच्या गोलकृमीत तो आहे आणि माणसातही आहे, एका अक्षराचाही फरक नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीवर बसून एमएस्सीची मुलगी ही ओळ आरएनएच्या डेटाबेसच्या शोधचौकटीत टाकते, तेव्हा क्षणात प्राण्यांची यादी समोर येते. कुठल्या गुणसूत्रावर, कुठल्या जागी, आधी कुणी शोधलं, सगळं फुकट.

हे सहज झालेलं नाही. प्रथिनं न बनवणारे आरएनए जुन्या काळापासून माहीत होते. यीस्टमधल्या एका ट्रान्सफर आरएनएचा पूर्ण क्रम रॉबर्ट हॉली यांच्या गटाने १९६५ मध्ये लावला. १९६८ चं नोबेल त्यांना हरगोविंद खुराना आणि मार्शल निरेनबर्ग यांच्यासोबत मिळालं. पण असे आरएनए म्हणजे प्रथिनं बनवण्याच्या कामातले हरकामे, एवढीच त्यांची किंमत होती.

१९९३ मध्ये व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगशाळांनी दाखवलं, की गोलकृमीतलं लिन-४ हे जनुक प्रथिन बनवतच नाही. त्याचा इवलासा आरएनए दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटतो आणि त्याचं काम दाबतो. बहुतेकांना ही त्या कृमीचीच खासियत वाटली. २००० मध्ये लेट-७ सापडला, तो माणसासकट कितीतरी प्राण्यांत निघाला आणि चित्र पालटलं. पुढच्याच वर्षी तीन गटांनी एकाच वेळी असे अनेक रेणू जाहीर केले आणि ‘मायक्रोआरएनए’ हे नाव रूढ झालं.

आता नावांचा गोंधळ व्हायची वेळ आली. एकाच रेणूला दोन प्रयोगशाळांनी दोन नावं दिली तर? म्हणून इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये २००२ मध्ये नोंदवही उघडली गेली. शोधनिबंध स्वीकारला गेला की तिथून क्रमांक घ्यायचा, असा नियम. सुरुवातीला २१८ नोंदी होत्या. हीच वही पुढे मिरबेस झाली आणि २०१८ च्या आवृत्तीत ३८,५८९ नोंदींवर पोचली. त्याच संस्थेत आरएनएची कुळं लावणारा आरफॅम हा डेटाबेस सुरू झाला. त्यात आधी २५ कुळं होती, आज ४ हजारांच्या वर आहेत. विखुरलेले डेटाबेस एकत्र शोधता यावेत म्हणून २०१४ मध्ये आरएनएसेंट्रल आलं.

मिरबेसमध्ये नावाआधी तीन अक्षरं असतात: माणसाला एचएसए, भाताला ओएसए, उसाला एसओएफ. आपल्या जिल्ह्याचं पोट ज्या पिकावर चालतं, त्याच्या नोंदी मात्र मोजक्याच, भाताच्या शेकड्यांनी. कारण उसाच्या रचनेतच आहे. एकेका गुणसूत्राच्या बऱ्याच प्रती असल्याने त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय क्रम, जुळवणं महाकठीण. आर५७० या वाणाचा तपशीलवार जीनोम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर वाट बघत बसायची गरज नव्हती, कारण ज्वारी उसाची जवळची नातलग. ज्वारीचे मायक्रोआरएनए घ्यायचे, उसाच्या उपलब्ध क्रमांत शोधायचे आणि आजूबाजूचा आरएनए केसांच्या पिनेसारखा दुमडतो का ते तपासायचं. पंचगंगेकाठच्या पोरांनी हे काम हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

फक्त डोळे मिटून नोंद उचलू नये. क्रम वाचणारी यंत्रं स्वस्त झाली, तसे तुटलेल्या आरएनएचे तुकडेही मायक्रोआरएनए म्हणून वहीत शिरले. म्हणून मिरबेसने २०१४ मध्ये भरवशाच्या नोंदींवर वेगळी खूण करायला सुरुवात केली, आणि पाठोपाठ कडक निकषांचा मिरजीनडीबी हा वेगळा डेटाबेस उभा राहिला. मी मुलांना आधी ती खूण बघायला लावतो, आणि प्रकल्पाच्या वहीत डेटाबेसचा आवृत्ती क्रमांक व शोधाची तारीख लिहायला सांगतो. आज दिसणारी नोंद पुढच्या आवृत्तीत काढलेली असू शकते.