लॅव्हेंडर टाउनची धून आणि पोरीगॉनचा एपिसोड

दिवाळीच्या सुट्टीत भाचा नेरूळहून नौपाड्याला आमच्याकडे आला होता. रात्री हेडफोन काढून दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, हे म्युझिक ऐकून जपानमध्ये मुलांनी जीव दिला, माहितीये?"

ते म्युझिक 'पोकेमॉन' नावाच्या काल्पनिक प्राण्यांच्या पहिल्या व्हिडिओ गेममधलं, त्यातल्या लॅव्हेंडर टाउन या गावाचं. गेम जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आला, संगीत जुनिची मासुदा यांचं. मुलांच्या आत्महत्यांची कथा मात्र २०१० च्या सुमारास इंटरनेटवर पसरली. मोठ्यांना ऐकू न येणारे सूर त्यात लपवले होते म्हणे. वयाबरोबर वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होतं हे खरंच आहे, म्हणून थाप पचते. पण तशा मृत्यूंची कुठेच नोंद नाही.

खरी घटना वेगळी, आणि ती टीव्हीवरची. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये पोकेमॉनच्या कार्टून मालिकेचा, पोरीगॉन नावाच्या पोकेमॉनचा भाग लागला. त्यात एका स्फोटाच्या दृश्यात पडदा काही सेकंद लाल-निळा लुकलुकला, सेकंदाला साधारण १२ वेळा. ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. काहींना आकडी आली, काहींना मळमळ, चक्कर. बहुतेक जण लवकर बरे झाले, दगावलं कोणीही नाही. मालिका चार महिने बंद राहिली आणि तो भाग पुन्हा कधीच दाखवला गेला नाही. दोष पोरीगॉनच्या माथी बसला. लुकलुकाट खरा पिकाचू या दुसऱ्या पोकेमॉनच्या विजेचा होता!

एकीकडे आवाज, दुसरीकडे उजेड. दोन्हींत जपान, पोकेमॉन आणि आजारी मुलं, म्हणून लोक सरमिसळ करतात. मला त्याची काळजी वाटते, कारण आईवडील गाणं बंद करतात आणि अंधाऱ्या खोलीत लुकलुकणारा स्क्रीन तसाच चालू ठेवतात. प्रकाशामुळे आकडी येणारी मुलं थोडी असतात, पण असतात. त्यांच्यासाठी खोलीत दिवा हवा, टीव्हीपासून अंतर हवं.

मग ती धून अंगावर का येते? मी पेटी काढली. सुरुवातीला चार सूर फिरत राहतात: सा, प, नी आणि तीव्र म. सा-प ऐकून कान निवांत होतो, तोच तीव्र मध्यम त्याला अधांतरी सोडतो. त्यात हे गाव मेलेल्या पोकेमॉनच्या दफनभूमीचं. भाच्याने स्वतः चार पट्ट्या दाबल्या, शेवटच्या सुरावर थांबला आणि म्हणाला, "इथेच भीती वाटते."