पेटी बंद केली आणि गिअर हातानं फिरेना

जुन्या जीपची ट्रान्सफर केस खोलली, रॉकेलनं धुतली, नवी बेअरिंगं आणि ऑइल सील घालून परत बांधली. सुटा असताना प्रत्येक गिअर भिंगरीसारखा फिरत होता. शेवटचा बोल्ट आवळून शाफ्ट फिरवायला गेलं, तर तो हलायला तयार नाही. अशा वेळी गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, "चालू दे, दोनशे किलोमीटर पळाली की आपोआप सैल होईल." हा सल्ला पेटीचं वाटोळं करतो. का, ते समजून घ्यायला बेअरिंगच्या आत डोकवावं लागेल.

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या पाठीला जोडलेली छोटी पेटी. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना पोचवणं आणि चिखलात, चढावर लागणारा लो गिअर देणं ही तिची कामं. मी बोलतोय ती स्पायसर १८, जिला पुढे डेना १८ म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपमध्ये ती होती आणि विलिसच्या परवान्यावर महिंद्रानं बनवलेल्या सीजे-३बीमधूनही ती आपल्याकडच्या रस्त्यांवर आली. हिच्यात चेन नाही. वरचा गिअर मधल्या गिअरला फिरवतो आणि मधला आउटपुट शाफ्टवरच्या गिअरला.

आउटपुट शाफ्टच्या दोन्ही टोकांना टेपर रोलर बेअरिंग असतात. हेन्री टिमकेन या अमेरिकेतल्या बग्ग्या बनवणाऱ्या कारखानदारानं १८९८ मध्ये या बेअरिंगचं पेटंट घेतलं. रोलर सरळ नसून शंकूसारखे निमुळते, म्हणून ते आडवा भारही पेलतात आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं येणारा रेटाही. पण निमुळता रोलर म्हणजे शेवटी पाचरच. पाचरीला मागून हलका धक्का दिला तरी लाकूड फाटतं, तसंच कप, म्हणजे बेअरिंगचं बाहेरचं कडं, शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं अगदी थोडा जास्त दाबला गेला की रोलर चिमटीत सापडतात.

म्हणून या शाफ्टला मुद्दाम थोडा प्ले, म्हणजे मागेपुढे सरकायला मोकळीक, ठेवतात, कारखान्याच्या पुस्तिकेप्रमाणे इंचाचे ४ ते ८ हजारांश, म्हणजे ०.१ ते ०.२ मिमी. वहीचं पान साधारण ०.१ मिमी जाड असतं, त्यावरून अंदाज करा. बेअरिंगवर मागून बसणारी कॅप आणि पेटी यांच्यामध्ये पत्र्याच्या पातळ शिम घालून हा प्ले जमवतात. शिम वाढवली की सैल, काढली की घट्ट. नवं बेअरिंग जुन्यापेक्षा केसभर रुंद निघालं, तर जुन्याच शिम घालून हिशेब चुकतो.

आता त्या सल्ल्याकडे येऊ. घट्ट बेअरिंग फिरलं की तापतं. त्याच्याबरोबर शाफ्ट तापतो, बाहेरची पेटी मात्र वाऱ्यानं थंड राहते. दोन बेअरिंगमध्ये १५ सेंमी अंतर धरू आणि शाफ्ट पेटीपेक्षा ४० अंशांनी गरम. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन (मिमीचे हजारांश) वाढतं, म्हणजे शाफ्ट ०.०७ मिमी लांब होईल. ही वाढ या रचनेत शाफ्टवरचं आतलं कडं, म्हणजे बेअरिंगचा कोन, बाहेरच्या कपात आणखी रेटते. घट्टपणा वाढला की उष्णता वाढते आणि उष्णता वाढली की घट्टपणा. सैल व्हायचं सोडाच, बेअरिंग निळं पडतं आणि रोलरचे खवले निघतात.

तेव्हा पाना खाली ठेवायचा आणि शाफ्ट हातानं हळूहळू फिरवत नुसतं लक्ष द्यायचं. पूर्ण फेरीत सारखाच जड असेल तर बेअरिंगवर दाब आहे किंवा एखादा वॉशर चिमटला आहे. नव्या सीलचाही विरोध असतो, पण तो रबरासारखा मऊ लागतो. दर फेरीला एकाच जागी अडत असेल तर दाताला बर, म्हणजे धातूची बारीक टोचरी कड, आलेली असते किंवा शाफ्ट वाकलेला. आणि अडणं कितीतरी फेऱ्यांनी एकदा येत असेल, तर ते फार बोलकं लक्षण. समजा एका गिअरला २६ दात आहेत आणि दुसऱ्याला ३३. तेच दोन दात पुन्हा समोरासमोर यायला लहान गिअरच्या ३३ फेऱ्या लागतात. म्हणजे दोन्ही गिअरचा एकेक दात दुखावलेला आहे आणि ते दोघे भेटले की अडकतात. दातांना मार्किंगचा निळा रंग लावला की जागा सापडते, तिथे बारीक ऑइल स्टोन फिरवायचा.

गेल्या पावसाळ्यात माझी पेटी पूर्ण फेरीत सारखीच जड फिरत होती. मी मागच्या कॅपचे बोल्ट दोन-दोन आटे सैल केले. दोष बेअरिंगचा असता तर शाफ्ट तिथेच मोकळा झाला असता. झाला नाही. मग उरला मधला गिअर. तो सुईसारख्या बारीक रोलरांवर फिरतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ब्राँझचे थ्रस्ट वॉशर असतात. वॉशरच्या जिभेनं पेटीतल्या खाचेत बसायचं असतं. हे वॉशर ग्रीसनं चिकटवून गिअर वरून उतरवताना मागचा वॉशर जरासा फिरला होता आणि जीभ खाचेबाहेर चढून बसली होती. बाहेर काढला तेव्हा जिभेच्या टोकावर पेटीच्या बिडाचा चमकता ठसा उमटलेला दिसला. तशीच गाडी पळवली असती तर ती जीभ तुटून थेट दातांमध्ये गेली असती.

नवा वॉशर बसवताना आरशात बघून जीभ खाचेत असल्याची खात्री केली. कॅप आवळताना शाफ्ट फिरवत राहिलो आणि पितळी हातोडीनं टोकांवर हलके ठोके दिले, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. त्यानंतरच प्ले मोजायला डायल गेज लावला. प्ले ०.०५ मिमी भरला, एक शिम वाढवल्यावर ०.१५. सील सगळ्यात शेवटी घातले, कारण ते आधी बसवले तर हाताला खरं काही कळत नाही. तेल भरून दहा किलोमीटर चालवली आणि खाली वाकून मागच्या कॅपवर तळहात ठेवला. कॅप कोमट होती.