ग्रामआरोग्य सेविका

ग्रामआरोग्य सेविका : प्राथमिक उपचार, बाळंतपण आणि रोगप्रतिबंध यांचे प्रशिक्षण घेऊन स्वतःच्याच गावात काम करणारी स्त्री. महाराष्ट्रात या पद्धतीचा पाया जामखेडला (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) घातला गेला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये या दुष्काळी तालुक्यात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

आरंभी प्रकल्पाने खेड्यांत प्रशिक्षित नर्स नेमून पाहिल्या. त्या गावात रमल्या नाहीत आणि बायकाही त्यांच्यापाशी मोकळ्या होईनात. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, असे ठरले. निवडून आलेल्यांत बहुतेक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. आठवड्याला जामखेडला यायचे, मुक्काम करायचा, शिकलेले गावात करून पाहायचे आणि अडलेले पुढच्या खेपेला विचारायचे, असा प्रशिक्षणाचा क्रम होता. पाटी-पुस्तकापेक्षा बोलणे आणि हाताने करणे यावर भर असे. जिला एरवी उंबऱ्याबाहेर उभे केले जाई, तिलाच सुनेच्या बाळंतपणाला बोलावणे येऊ लागले. जामखेडच्या यशाची चर्चा करताना आकडेवारीच पुढे येते, पण जातीच्या भिंतीला गेलेला हा तडा तितकाच मोलाचा मानावा लागेल.

स्वस्त उपचार म्हणजे केवळ स्वस्त औषध नव्हे. मजुरीवर जगणाऱ्या घराला तालुक्याचा दवाखाना महाग पडतो तो एसटीच्या भाड्याने, बुडालेल्या रोजाने आणि सोबत गेलेल्या माणसाच्याही बुडालेल्या रोजाने. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी शेजारच्याच बाईने वेळेवर पाजले, तर हा सगळा खर्च वाचतो. गर्भवतीची तपासणी, लसीकरणाची आठवण, कुष्ठरोग व क्षयाचे रुग्ण शोधणे ही कामेही सेविका करीत. अडलेल्या बाळंतिणीला पाठवायला जामखेडचे रुग्णालय होते, हे विसरून चालणार नाही. वर असे रुग्णालय नसेल तर सेविकेचे हात बांधलेलेच राहतात. पिण्याच्या पाण्याच्या बोअरवेल, शेतकऱ्यांची मंडळे आणि महिला मंडळे यांचीही सेविकेच्या कामाला जोड होती. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्यूदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. या कामासाठी १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढचा मोठा टप्पा गडचिरोलीत आला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापर्यंत त्यांची मजल गेली. डॉक्टरांच्या जगाला हे पचायला जड होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले : या गावांतील नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. घरोघरच्या नवजात बालसेवेचा हा नमुना पुढे राष्ट्रीय कार्यक्रमात आला. त्यातले इंजेक्शन मात्र सरकारने ‘आशा’ या आपल्या गावपातळीवरील आरोग्य स्वयंसेविकांच्या हाती दिले नाही.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ पासून आलेली ‘आशा’ ही याच परंपरेतली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक. कल्पना तीच असली तरी कामाची घडण बदलली. लसीकरण, प्रसूती, गृहभेट अशा कामागणिक मोबदला, त्यासोबत नोंदवह्या आणि नंतर मोबाइलवरची माहिती भरणे आले. जामखेडच्या सेविकेला गावाला उत्तर द्यावे लागे. आशाताईला आधी तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावे लागते. सरकारला ही सेवा स्वस्त पडते, त्याचे एक कारण तिचे कमी मोबदल्यातले श्रम हेच आहे. कोविडच्या साथीत घरोघरचे सर्वेक्षण आशांनीच केले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी मोबदल्यातील वाढ आणि इतर मागण्यांसाठी महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या. नंतर राज्याने मोबदला वाढवला. कागदोपत्री दर्जा मात्र स्वयंसेविकेचाच राहिला.