भूर्जपत्र हे पान नव्हे

‘भूर्जपत्र म्हणजे भूर्जवृक्षाचे वाळवलेले पान’ असे सांगणारा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. गैरसमज स्वाभाविक आहे: ‘पत्र’ म्हणजे पान, आणि ताडपत्र खरोखरच पान असते. भूर्जपत्र मात्र हिमालयातल्या भूर्जवृक्षाची साल. ती कागदासारख्या पातळ पापुद्र्यांनी सुटते. १८८१ साली सापडलेले बख्शाली हस्तलिखित, म्हणजे गणितावरची एक प्राचीन पोथी, अशाच सालीवर लिहिलेले आहे.

पडताळायचे तर तुकडा उजेडात धरा. पानाची मधली शीर, उपशिरांची जाळी कुठेच दिसणार नाही. दिसतील त्या आडव्या, तुटक रेघा, म्हणजे सालीची श्वसनछिद्रे. शिवाय या झाडाचे पान जेमतेम बोटभर लांब असते. त्यावर पोथी लिहिणे अवघडच.

शब्दाचा प्रवास तर फारच सुंदर: संस्कृत ‘भूर्ज’, इंग्रजी ‘बर्च’ आणि रशियन ‘बेर्योझा’ ही एकाच प्राचीन मुळाची भावंडे आहेत.