तुमचं अंगण, आपली हवा आणि माडाचा शेंडा
(आमच्या रोपवाटिकेतून माड, शोभेचे पाम आणि बागेतली रोपं नेणाऱ्यांसाठी)

रोप घ्यायला कुणीही आलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गाव कुठलं?" पैशाचं आणि जातीचं बोलणं त्यानंतर. घाटाकडच्या कणकुंबीला पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, बेळगाव शहरात साधारण १,२०० ते १,३००, आणि अथणीकडची मंडळी ५०० ते ६०० मिलिमीटरवर वर्ष काढतात. जिल्हा एकच, पण जांबोटीच्या जांभ्या दगडावर जे रोप मस्त वाढतं तेच सौंदत्तीच्या काळ्या रानात दोन उन्हाळेही काढत नाही. चुकीच्या जागी गेलेलं रोप मेलं की पैसे तुमचे जातात आणि चार-पाच वर्षंही जातात. म्हणून हे पत्रक. रोप नेण्याआधी एकदा शांतपणे वाचा, घरी जपून ठेवा.

एकच शेंडा

जास्वंद छाटली की खालून चार फांद्या फुटतात. आंब्याची फांदी वाऱ्यानं मोडली तरी झाड उभं राहतं. माड, सुपारी, रॉयल पाम, फॉक्सटेल पाम यांचं तसं नसतं. खोडाच्या टोकाला, पानांच्या देठांच्या आत, एकच कोवळा कोंब असतो आणि सगळी वाढ तिथूनच होते. तो गेला की झाड गेलं, पानं आणखी दोन महिने हिरवी दिसली तरी. हवामानाचा मार शेवटी या एका जागेपर्यंत पोचतो का, एवढंच पाममध्ये बघायचं असतं.

एका ऑगस्टमध्ये वडगावच्या एक मावशी कापडी पिशवीतून माडाची सुई, म्हणजे मधलं न उघडलेलं पान, घेऊन आल्या. "ओढलं न्हाई हो, नुसतं धरलं आणि हातात आलं," म्हणाल्या. पानाचं वरचं टोक हिरवंगार होतं आणि बुडाकडची वीतभर मऊ, तपकिरी झाली होती. वास सडक्या बटाट्यासारखा. ही कोंबकूज. आर्द्रा-पुनर्वसूची झड आठ-दहा दिवस उघडत नाही, देठांच्या बेचक्यात पाणी साचून राहतं, हवा गार आणि ओली असते, आणि या बुरशीला तेवढंच हवं असतं. मावशींचं झाड पाच वर्षांचं होतं. आम्ही जाऊन कुजलेला भाग चांगला लागेपर्यंत कापला, बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचं) लावलं आणि वर मडकं पालथं घातलं. झाड वाचलं, पण नवीन पान नीट यायला सहा महिने लागले. सुई नुसती फिकी, मलूल दिसत होती तेव्हाच त्या आल्या असत्या तर एवढं कापावं लागलं नसतं.

म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला मधल्या पानाकडे नजर टाका. बाकीची पानं ताठ आणि मधलं मरगळलेलं दिसलं तर त्याच दिवशी फोन करा, रविवार असला तरी.

मिरगाच्या आधी, मेच्या शेवटी, शेंड्यात १ टक्का बोर्डो मिश्रण फवारणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चांगला कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवा आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ढवळत ओता. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं वापरू नका. मिश्रण झालं की घासलेला विळा मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलंय, पानं भाजतील. थोडा चुना आणखी घाला आणि परत बघा. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. घाटाकडच्या गावांत जुलैत उघडीप मिळाली की दुसरी फवारणी हवीच. सुपारीवाल्यांना हे सांगायला नको, कोळे रोगासाठी (पावसात सुपाऱ्या कुजून गळतात तो) ते पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत.

पावसाबरोबरच गेंड्या भुंगाही येतो. नवीन पान उघडल्यावर कात्रीनं कापल्यासारखं, पंख्याच्या आकाराचं दिसलं तर तो शेंड्यात शिरून गेलाय असं समजा. त्याच्या अळ्या शेणाच्या खड्ड्यात वाढतात. आपल्याकडे परसात माड आणि त्याच्या बुडाशीच उकिरडा ही जोडी फार दिसते. उकिरडा लांब न्या, खत वेळच्या वेळी उचला. वरच्या तीन-चार पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि बारीक वाळू समप्रमाणात भरली की भुंग्याला शिरायला जागा राहत नाही.

माती आणि पाणी

शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात बासमती का पिकतो? ती काळी जमीन पाणी धरून ठेवते म्हणून. त्याच शिवारात आता घरं झाली, अंगणं झाली, आणि त्याच गुणापायी माडाची मुळं गुदमरतात. तिथे खड्डा काढून रोप खाली बसवू नका. दोन फूट उंच मातीचा उंचवटा करा, माती भरताना एक तृतीयांश तांबडी माती आणि थोडी जाड वाळू मिसळा, आणि वर रोप लावा. हे आम्ही स्वतःच्या नुकसानीतून शिकलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्हाभर पूर आला तेव्हा आमच्या खालच्या तुकड्यातले फॉक्सटेल पाम आठवडाभर पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर ते छान दिसत होते, आम्ही खूश झालो. दिवाळीपर्यंत एकेक करून सगळे वाळले. मुळं कुजून गेली होती आणि वरच्या पानांना ते कळायला दोन महिने लागले. तेव्हापासून आमची सगळी पामची रोपं उंच वाफ्यावर आहेत.

खानापूर, जांबोटी, नंदगडकडच्या तांबड्या मातीत उलट अडचण. पाणी थांबत नाही, आणि धुवांधार पावसात खतही धुऊन जातं. पोटॅश आणि मॅग्नेशियम कमी पडतं, जुनी खालची पानं कडेनं पिवळी होऊ लागतात. अशी पानं घाईनं तोडू नका. झाड त्याच पिवळ्या पानातून पोटॅश ओढून नव्या पानाला देत असतं. ती तोडली की पिवळेपणा वरच्या पानावर सरकतो. पूर्ण वाळली की मग काढा. वाढलेल्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखत आणि ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट द्या. रासायनिक खत एकदम न देता निम्मं मिरगाच्या पहिल्या पावसावर, निम्मं पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात. जुलैत टाकलेलं खत मलप्रभेला जातं, तुमच्या झाडाला मिळत नाही.

पूर्वेकडच्या गोकाक, रायबाग, अथणी, सौंदत्तीच्या चुनखडीच्या काळ्या मातीत *नवी* पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. ते लोहाचं. मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग होत नाही, चुना त्याला बांधून ठेवतो. चिलेटेड लोह, म्हणजे असं बांधलं न जाणारं लोह, पानांवर फवारा. अनंताचं रोप तर या मातीत लावूच नका. कुंडीत तांबडी माती घालून ठेवा, तिथे ते सुखानं राहील.

बोरिंगच्या पाण्याबद्दल एक गोष्ट. टेरेसवरच्या अरेका पामची टोकं तपकिरी होतात तेव्हा लोक आणखी पाणी घालतात, आणि टोकं आणखी जळतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल तर ते क्षार आहेत. पहिल्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवा, खालून पाणी भरपूर वाहून जाऊ द्या. पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवता आलं तर घरातल्या पामना तेच घाला.

वळीव आणि पश्चिमेचा वारा

एप्रिल-मेच्या वळवाला आपण सगळेच आसुसलेले असतो, पण त्याच्याबरोबर गारा येतात. गारांनी फाटलेल्या पानांतून बुरशी शिरते, म्हणून गारपिटीनंतर दोन दिवसांत एक बोर्डोची फवारणी द्या. फाटकी पानं कुरूप दिसली तरी राहू द्या.

जून-जुलैचा पश्चिमेचा वारा मात्र दरवर्षीचा. हिंडलगा, कंग्राळी, उचगावच्या मोकळ्या माळावर नवीन लावलेलं पाच-सहा फुटी झाड सारखं हलत राहतं आणि कोवळी मुळं तुटतात. तीन बांबूंचा तिवडा करा, खोडाला गोणपाट गुंडाळून वर सुतळी बांधा, खिळा अजिबात मारू नका. ट्रॅव्हलर्स पाम पंख्यासारखा देखणा दिसतो म्हणून बंगल्याच्या दर्शनी बाजूला मागतात. खरं तर तो पाम नव्हेच, त्याचं नातं केळीच्या जवळचं, आणि त्याची पानंही केळीसारखीच फाटतात. घराच्या पूर्वेला, भिंतीच्या आडोशाला लावा.

थंडी

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० ते १४ अंशांवर येतो. माणसाला ही हवा सुखाची, पण माडाला साधारण २७ अंश मानवतात. थंडीत त्याची वाढ जवळपास थांबते. त्या दिवसांत खत देऊ नका, पाणी निम्म्यावर आणा, आणि मोठं झाड एका जागेवरून दुसरीकडे हलवू नका. थंड मातीत पामची मुळं नव्यानं फुटत नाहीत.

फेब्रुवारीत येणारं नवं पान कधी आखूड, चुरगळलेलं दिसतं. लोक घाबरून येतात. बऱ्याचदा गार मातीतून मँगेनीज उचललं न गेल्यानं तसं होतं. होळीनंतर येणारं पान सरळ आलं तर काही करायचं नाही. तेही वेडंवाकडं आलं तर फोटो पाठवा.

लाल देठाचा लिपस्टिक पाम आम्ही विकत नाही. त्याचे फोटो दाखवून बरेच जण मागतात. तो मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या उष्ण दलदलीतला. आपल्या थंडीत पानं डागाळतात आणि झाड वर्षागणिक खालावत जातं. महागडं रोप देऊन तुमची निराशा करण्यात आम्हाला समाधान नाही. तसा रंग हवाच असेल तर लाल ड्रॅसिना बघा. भारदस्त आणि वेगळं काही हवं असेल तर मादागास्करचा चंदेरी बिस्मार्किया. ऊन आणि कमी पाणी दोन्ही सोसतो, पूर्वेकडच्या तालुक्यांत तर झकासच, पण त्याला पंधरा फूट मोकळी जागा द्या.

थंडीचं सुख मिळतं ते गुलाब आणि शेवंतीला. गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या मध्ये. मोगऱ्याचं पाणी डिसेंबरात तोडा, पानं झडू द्या, जानेवारीत छाटा आणि मग खतपाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या मोजून दमाल.

उन्हाळा

कोवळ्या सुपारीच्या खोडाला नैर्ऋत्येचं दुपारचं ऊन लागलं की साल भाजते, पुढे तिथेच तडे जातात. त्या बाजूला केळीची ओळ लावा, किंवा खोडाला सुपारीचीच वाळकी झावळी गुंडाळा.

माडाबद्दल एक समजून घ्या, कारण यावरून सगळ्यात जास्त तक्रारी येतात. "यंदा पाणी भरपूर दिलं तरी नारळ कमी का?" माडाच्या पोटात पोयीचा, म्हणजे फुलोऱ्याचा, अंकुर धरल्यापासून नारळ पिकेपर्यंत साधारण साडेतीन वर्षं जातात. पोय उघडल्यावरच बारा महिने. मधल्या कुठल्याही टप्प्यावर ताण बसला तरी तो पुढच्या काढणीत दिसतो. २०२३ साली कर्नाटकात दुष्काळ पडला, अनेक बोरिंगं आटली, आणि त्याचा फटका पुढे दोन-दोन वर्षं नारळाच्या ढिगात दिसत राहिला. म्हणजे यंदाचं पाणी वाया गेलेलं नाही, ते पुढच्या नारळात आहे. वाढलेल्या माडाला उन्हाळ्यात चार दिवसांनी २०० लिटर, किंवा ठिबकनं रोज ४०-५० लिटर द्या. आळ्यात नारळाची सोडणं फुगीर बाजू वर करून पसरा, ओल आठवडाभर जास्त टिकते.

भेर्ली माडाचं (शोभेच्या फिशटेल पामचं) आणखी एक. वीस-पंचवीस वर्षांचं झाड वरून खाली फुलत येतं, शेवटचा घड पिकला की वाळून जातं. त्यात हवेचा किंवा तुमचा दोष नाही, त्याचं आयुष्यच तेवढं. फुलायला लागला की शेजारी नवीन लावून ठेवा.

लावायची वेळ

शहर आणि जवळची गावं : मिरगाचे दोन पाऊस झाले की लगेच. कणकुंबी-जांबोटी पट्टा आणि पाणी साचणारी जमीन : सप्टेंबर, झड संपल्यावर. पूर्वेकडचे तालुके : जमीन खोलवर भिजल्यावर, पण उन्हाळ्याच्या पाण्याची सोय आधी झालेली असेल तरच. पाणी न साचणाऱ्या जमिनीत नारळासाठी मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, दोन झाडांत साडेसात मीटर. खोडाचा बुडखा जमिनीबरोबर राहिला पाहिजे, मातीत गाडला जाता कामा नये.

येताना अंगणातली मूठभर माती पिशवीतून आणा, एक फूट खालची. दुपारी ऊन कुठून येतं ते सांगता आलं तर फारच छान. रोप नेताना पिशवी धरून उचला, खोड धरून नको. खोडाला हिसका बसला की आतला कोंब दुखावतो. टेम्पोत आडवं ठेवायचं तर शेंडा मागच्या बाजूला करा, पानं गोणपाटात सैल बांधा, आणि घरी पोचल्यावर दोन दिवस सावलीत उभं ठेवून मग लावा.