सार्वजनिक धोरणाविरुद्ध करार

दोन्ही पक्ष राजीखुशीने सह्या करतात, स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्काही बसतो; तरीही अंमलबजावणी केल्यास समाजहिताला बाध येईल म्हणून न्यायालय ज्याला हात लावत नाही, असा करार. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ खाली तो शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने निरर्थक, ठरतो. सार्वजनिक धोरणाची व्याख्या अधिनियमात नाही. ती निवाड्यांतून घडत गेली. १९५१ च्या कायद्याने हा अधिनियम मध्य भारत राज्याला, म्हणजे जुन्या होळकर संस्थानाच्या इंदुरालाही, लागू झाला.

सरकारी नोकरी लावून देण्याचे पैसे, फौजदारी खटला दाबण्याचा सौदा, वकिलाने निकालाच्या रकमेत ठरवलेला हिस्सा ही नेहमीची उदाहरणे. लग्न जमवून दिल्याबद्दल मध्यस्थाला ठरावीक रक्कम देण्याचा करारही यातच येतो. स्थळांची नोंदणी करणाऱ्या मंडळाचे माफक शुल्क ही वेगळी गोष्ट. हुंड्याचा करार तर १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक अधिनियमानेच शून्य आहे.

सट्ट्याचे गणित मात्र सरळ नाही, आणि कापसाच्या सट्ट्यासाठी एके काळी देशभर गाजलेल्या इंदुरात ते समजून घेण्याजोगे आहे. घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया (१९५९) या खटल्यात दोघांनी भागीदारीत हापूडच्या पेढ्यांशी गव्हाचे सट्टे केले. तोटा आला, एकाने तो सगळा भरला आणि निम्मा दुसऱ्याकडे मागितला. सर्वोच्च न्यायालयाने तो देवविला. असा सट्टा ही पैजच; पैज कलम ३० खाली शून्य असली तरी बेकायदा नाही, म्हणून तिच्याभोवतीची भागीदारी टिकते. शिवाय सार्वजनिक धोरणाच्या नावाखाली न्यायाधीशांनी सहजासहजी नवी बंधने निर्माण करू नयेत, असेही न्यायालयाने बजावले. गंमत अशी, की हाच हिशेब वडोदऱ्यात मांडला तर उलटा पडेल: मुंबई इलाख्याच्या १८६५ च्या कायद्यामुळे गुजरात-महाराष्ट्रात पैजेला पूरक असलेले करारही शून्यच. मटक्यासारखा जुगार हा मुळातच गुन्हा असल्याने त्याला घेरूलालचा आधार मिळत नाही.

व्यापारबंदीवर अधिनियमात स्वतंत्र कलम आहे, २७ वे. राजवाड्याजवळच्या शेव-नमकीनच्या दुकानदाराने शेजाऱ्याला पैसे देऊन ‘तू हा धंदा बंद कर’ असे लिहून घेतले, तर तो कागद कुचकामी. पण शेजाऱ्याने नावलौकिकासह दुकान विकले असेल, तर ठरावीक हद्दीत तसाच धंदा न करण्याची अट वाजवी असल्यास चालते. न्यायालयात जाण्याचा हक्क पूर्ण काढून घेणारी अटही कलम २८ प्रमाणे शून्य. बिलाच्या तळाशी छापलेले ‘इंदूर न्यायक्षेत्राच्या अधीन’ त्यात मोडत नाही. मात्र इंदूरच्या न्यायालयाला मुळात अधिकारक्षेत्र असायला हवे, नुसत्या छपाईने ते मिळत नाही.

१९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली निवाड्याने सार्वजनिक धोरणाच्या कल्पनेची कक्षा रुंदावली. तीन महिन्यांच्या नोटिशीवर, कारण न देता कायम कर्मचाऱ्याला काढण्याची सरकारी कंपनीची अट तिथे रद्द झाली: सौदा करण्याची ताकद अतिशय विषम असेल, तर सही ही खरी संमती नव्हे.

दिलेले पैसे परत मिळतात का? करार शून्य असल्याचे मागाहून उघड झाले, तर कलम ६५ प्रमाणे मिळू शकतात. बेकायदा हेतू दोघांनाही आधीपासून ठाऊक असेल, तर बहुधा नाही. गैरहेतू अमलात येण्याआधीच माघार घेतलेला किंवा तुलनेने कमी दोषी पक्ष हा त्याला अपवाद.