घरगुती फ्लॅश कार्ट्रिज (गेम बॉय)

हातात धरून खेळायच्या जुन्या गेम यंत्रात बसेल अशी, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृती-चिपची आणि हौशी माणसाने स्वतः जोडलेली कार्ट्रिज म्हणजे घरगुती फ्लॅश कार्ट्रिज. बाजारात तयार मिळणाऱ्या, मेमरी कार्ड घालायच्या फ्लॅश कार्ट्रिजपेक्षा ती वेगळी आहे. तिच्यात बहुधा एका वेळी एकच खेळ मावतो आणि तिची प्रत्येक जोडणी बनवणाऱ्याला ठाऊक असते. ही प्रथा सर्वांत रुजली ती निन्टेंडोच्या गेम बॉय या यंत्राभोवती. महाराष्ट्रात १९९०च्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमच्या कार्ट्रिजला मुले सर्रास ‘कॅसेट’ म्हणत. आत फीत नसली तरी तो शब्द अजून टिकून आहे.

गेम बॉय एप्रिल १९८९मध्ये जपानमध्ये विक्रीस आला. त्याचा पडदा १६० × १४४ बिंदूंचा आणि चार छटांचा असून प्रोसेसर सुमारे ४.१९ मेगाहर्ट्‌झ गतीचा आहे. घरगुती कार्ट्रिज शक्य होते ती या यंत्राच्या साधेपणामुळे. कार्ट्रिजच्या ३२ पिनांमधून १६ पत्त्याच्या व ८ डेटाच्या तारा थेट बाहेर येतात; त्यांच्या जोडीला वाचन, लेखन, निवड, घड्याळ व रीसेट हे संकेत, ५ व्होल्टचा पुरवठा, जमीन (ग्राउंड) आणि ध्वनीची एक पिन असते. प्रोसेसर पत्ता मांडतो आणि समोरून आठ बिट येतील अशी अपेक्षा करतो. ते बिट कारखान्यात कोरलेल्या रॉममधून (फक्त वाचता येणाऱ्या स्मृतीतून) आले की काल रात्री लिहिलेल्या फ्लॅशमधून, हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नाही. स्मृतीचे एक चक्र जवळपास ०.९५ मायक्रोसेकंदाचे असल्यामुळे १५० नॅनोसेकंदांची जुनी चिपही त्याला पुरून उरते.

दारावर पहारा आहे, पण तो नावापुरता. यंत्र सुरू होताच आतील २५६ बाइटांचा आरंभ-कार्यक्रम कार्ट्रिजच्या ०१०४ ते ०१३३ या (सोळा-अंकी पद्धतीतील) पत्त्यांवरचे ४८ बाइट वाचून त्यांतून कंपनीचे बोधचिन्ह पडद्यावर उतरवतो, स्वतःजवळच्या प्रतीशी ते ताडून पाहतो आणि नंतर शीर्षकाच्या (कार्ट्रिजविषयीची माहिती नोंदलेल्या भागाच्या) २५ बाइटांची बेरीज-तपासणी करतो. यांपैकी काही चुकले तर यंत्र तिथेच थांबते. संपूर्ण रॉमची बेरीजही शीर्षकात नोंदलेली असते, परंतु गेम बॉय ती तपासत नाही. हौशी लेखकाने स्वतः रचलेल्या खेळातही ते ४८ बाइट जसेच्या तसे असावे लागतात. ही युक्ती तांत्रिकपेक्षा कायदेशीर अधिक होती: परवान्याविना कार्ट्रिज काढणाऱ्याला दुसऱ्याचे व्यापारचिन्ह दाखवणे भाग पडावे, हा तिचा हेतू. सेगा या दुसऱ्या गेम-कंपनीच्या अशाच स्वरूपाच्या व्यवस्थेविषयी अमेरिकेतील अपील न्यायालयाने १९९२मध्ये सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेड या खटल्यात सेगाच्या विरोधात निर्णय दिला होता.

सर्वांत सोपी कार्ट्रिज ३२ किलोबाइटांची. टेट्रिसचा गेम बॉयवरील खेळ एवढाच आहे. यासाठी २७सी२५६ ही २८ पिनांची ईप्रॉम (अतिनील प्रकाशाने पुसता येणारी स्मृती-चिप) पुरते. पत्त्याच्या १५ आणि डेटाच्या ८ तारा सरळ जोडायच्या, यंत्राचा वाचन-संकेत चिपच्या आउटपुट-सक्षम पिनेला द्यायचा, पत्त्याची सोळावी तार चिप-सक्षम पिनेला द्यायची, आणि उरलेल्या तीन पिनांपैकी दोन पुरवठ्याला व एक जमिनीला लावायची. सोळावी तार शून्य असते तेव्हाच यंत्र कार्ट्रिजच्या रॉमकडे पाहत असते, म्हणून वेगळ्या तर्कपरिपथाची गरज राहत नाही. ईप्रॉम पुसण्यासाठी तिच्या काचेच्या खिडकीवर अतिनील प्रकाश बराच वेळ पाडावा लागतो. खेळात एक अक्षर बदलायचे म्हटले तरी हा सोपस्कार टळत नाही, आणि म्हणूनच बहुतेक जण लवकरच विजेने पुसता येणाऱ्या २९एफ०४० किंवा ३९एसएफ०४० यांसारख्या ५ व्होल्टच्या, ५१२ किलोबाइटांच्या फ्लॅशकडे वळतात.

मोठ्या खेळांसाठी मात्र ‘बँक’, म्हणजे रॉमचा १६ किलोबाइटांचा तुकडा, बदलणारा परिपथ लागतो. यंत्राला रॉमचे एकावेळी ३२ किलोबाइटच दिसतात. त्यांतील पहिले १६ कायम राहतात आणि पुढील १६च्या खिडकीत हवी ती बँक आणता येते. बँकेचा क्रमांक खेळ चक्क रॉमच्या पत्त्यावर ‘लिहितो’. रॉममध्ये काही लिहिले जात नाही, परंतु मधला नियंत्रक ते लेखन टिपून ठेवतो. मूळ कार्ट्रिजमधील एमबीसी१ हा नियंत्रक २ मेगाबाइटांपर्यंत आणि एमबीसी५ हा ८ मेगाबाइटांपर्यंत रॉम हाताळतो. घरी हे काम ७४ मालिकेच्या साध्या तर्क-चिपांवरही भागते: चार बिटांचा लॅच क्रमांक धरून ठेवतो आणि त्याची प्रत्येक तार पत्त्याच्या पंधराव्या तारेसह एका अँड गेटमधून (दोन्ही तारा १ असल्या तरच १ देणाऱ्या घटकातून) फ्लॅशच्या वरच्या पत्त्यांवर जाते. ती पंधरावी तार शून्य असली की चारही गेट शून्य देतात, म्हणजे खालच्या खिडकीत आपोआप पहिली बँक दिसते. अशा १६ बँकांचे २५६ किलोबाइट होतात. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत देखणा तुकडा आहे. ज्यांना हा खटाटोप नको असतो ते जुन्या कार्ट्रिजवरील रॉम काढून त्या जागी फ्लॅश बसवतात आणि मूळ नियंत्रक तसाच वापरतात. त्यासाठी ढिगाने सापडणारा एखादा क्रीडा-खेळ बळी द्यावा. दुर्मीळ कार्ट्रिज फोडणे संग्राहकांत अक्षम्य समजले जाते.

खेळाची प्रगती जपायची असल्यास ८ किंवा ३२ किलोबाइटांची स्थिर रॅम, ३ व्होल्टचा बटणसेल आणि यंत्र बंद होताच रॅमला सेलकडे वळवून तिचे दार बंद करणारा लहान परिपथ लागतो. हा परिपथ गाळला तर वीज जाताना प्रोसेसरच्या शेवटच्या भरकटलेल्या संकेतांनी जतन केलेला डाव बिघडू शकतो. वीज गेल्यावरही मजकूर टिकवणारी एफरॅम जातीची चिप वापरल्यास सेलच लागत नाही.

फ्लॅशमध्ये लिहिणे हे वाचण्याइतके सरळ नाही. पुसलेल्या चिपमध्ये सर्व बिट १ असतात, लिहिताना १चा ० करता येतो, पण ०चा १ करायचा तर पूर्ण खंड पुसावा लागतो. चुकून लेखन होऊ नये म्हणून चिपला आधी ठराविक पत्त्यांवर ‘एए’ व ‘५५’ ही किल्ली आणि मग आज्ञा द्यावी लागते. चिपची लेखन-सक्षम पिन यंत्राच्या लेखन-संकेताला जोडावी की नाही, हा म्हणूनच खरा निर्णय ठरतो. अनेक बनवणारे ती ३१व्या, म्हणजे ध्वनीच्या पिनेला जोडतात. सहसा कोणताही खेळ ती पिन वापरत नाही, त्यामुळे खेळताना फ्लॅश सुरक्षित राहते आणि संगणकाला जोडलेले लेखनयंत्र मात्र तिच्यातून लिहू शकते.

चिपा ज्यावर जोडायच्या त्या परिपथ-पाटीची जाडी ०.८ मिलिमीटर असावी. नेहमीची १.६ मिलिमीटरची पाटी खाचेतील पात्या ताणून कायमच्या सैल करते. अलीकडच्या कित्येक फ्लॅश चिपा ३.३ व्होल्टच्या असतात आणि त्या थेट ५ व्होल्टवर लावल्या तरी काही काळ चालतात, पण एवढ्यावरून जोडणी बरोबर आहे असे समजू नये.

अशा कार्ट्रिजचा निर्वेध उपयोग स्वतः लिहिलेल्या किंवा लेखकाने मोकळ्या केलेल्या खेळांसाठी होतो. असे खेळ लिहिण्यासाठी जीबीडीके आणि आरजीबीडीएस ही संगणकावरची साधने प्रचलित आहेत. विकत घेतलेल्या खेळाच्या प्रतीबाबत भारतीय प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ याचे कलम ५२(१)(एए) संगणक प्रणालीची प्रत वैधपणे बाळगणाऱ्याला नाश किंवा हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करू देते. दुसऱ्याकडून उतरवून घेतलेल्या रॉमला ते कलम लागू होत नाही.

नवी कार्ट्रिज पहिल्यांदा लावली की दोष शोधण्याचे सर्वांत चांगले उपकरण पडदाच असतो. बोधचिन्ह कार्ट्रिजमधूनच वाचले जात असल्यामुळे काहीच जोडलेले नसेल तर त्याच्या जागी भरीव काळी पट्टी उतरते. डेटाची एकच तार सुटली असेल तर बोधचिन्हात दर चार ठिपक्यांमागे त्याच जागी खाडाखोड दिसते, कारण त्याच्या आकृतीचा प्रत्येक बिट एक ठिपका असतो. बोधचिन्ह स्वच्छ उमटून खेळ सुरू होतो आणि दुसऱ्या टप्प्यावर गोठतो, तेव्हा संशय वरच्या पत्त्यांवर किंवा लॅचवर घ्यावा. लहानपणच्या सवयीने कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नये. वाफेने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसून, शंकास्पद सांध्याला पुन्हा डाग द्यावा आणि यंत्र परत सुरू करून पाहावे.